झिऱ्यावरचा दगड

लिंबागणेशात आजही कुणाला गुंडप्पाबद्दल विचारा, तो आधी त्याची पाठपिशवी सांगेल आणि हसेल. मला त्याचं हसू येत नाही. का येत नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, आणि लिहिताना माझी मान काही वर राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गुंडप्पा लिंगायत वाणी, माझा शेजारी, माझ्याच वयाचा. त्याचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं आणि त्यात मीठ सगळ्यात जास्त खपायचं. पण गावात त्याचं नाव होतं ते बेत आखण्यासाठी. कुणाकडे लग्न निघालं की पत्रावळी किती, घागरी किती, गाड्या किती, हे विचारायला लोक त्याच्या ओट्यावर येत. तो डोळे मिटून पुटपुटायचा आणि आकडा सांगायचा. तो आकडा चुकलेला मी पाहिला नाही. गर्व तो बोलून दाखवायचा नाही, पण कुणी दुसऱ्याला विचारायला गेलं की दोन दिवस त्या माणसाशी बोलायचा नाही.

फसली सन तेराशे बावीसच्या पौषात त्यानं डोंगराचा बेत काढला. सौताड्याच्या रामेश्वराला शिवरातीला लोक सडकेनं, बैलगाडीत बसून जातच होते. गुंडप्पा म्हणाला, आपण डोंगराच्या माथ्यावरून जायचं, पायी, पाठीवर सामान घेऊन. जाऊन येऊन पाच दिवस.

“कावून पण?” मी विचारलं.

“गाडीत बसून गेलं की देव दिसतो, डोंगर दिसत न्हाई. जल्मल्यापासून दारात बसून त्याच्याकडं बघतोय, आन एकदाबी त्याच्या पल्याड गेलो न्हाई. लाज वाटती बे.”

लाज हा शब्द त्यानं तेव्हा किती सहज वापरला होता.

बरोबर मी आणि विठ्ठलराव. विठ्ठलराव म्हणजे गावातले जमीनदार. तो डोंगर हुजूर सरकारचं, म्हणजे निजामाचं, राखीव जंगल होता, आणि आत मुक्काम करायचा तर जंगल-दारोग्याचा परवाना लागायचा. विठ्ठलरावांची तिथं ओळख होती. परवाना आला, त्यात झाड तोडू नये आणि वणवा लागेल असा जाळ करू नये, असं उर्दूत लिहिलेलं होतं. गुंडप्पाला उर्दू वाचता येत नव्हतं, तरी त्यानं तो कागद तीन वेळा खालून वर पाहिला.

मग महिनाभर त्याच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. खांद्यावरच्या पडशीनं माणूस एका अंगाला कलतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं गोणपाटाच्या पिशव्या काढल्या, त्यांना दोन-दोन पट्टे लावायचे ठरवले आणि बायकोला, महादेवीला, शिवायला बसवलं. तिनं तीन पिशव्या शिवल्या आणि प्रत्येक टाक्याला त्याला एक टोमणा दिला. पहिली पिशवी पाठीवर अडकवून तो पेठेतून चालला, तेव्हा लोक म्हणाले की वाण्यानं गाढव विकलं वाटतं, आता स्वतःच ओझी वाहतोय. घरी येऊन त्यानं पट्टे दोन बोटं रुंद करून घेतले.

दुकानाचा तराजू तर त्यानं या कामालाच लावला. माणशी दहा शेर, अकरावा नाही. पहिल्या दिवशी भाकरी, दुसऱ्या दिवशी धपाटे, तिसऱ्या दिवशी दुधात मळलेल्या दशम्या, आणि पुढं सातूचं पीठ आणि गूळ. एक घोंगडी, एक दोर, एक तांब्या. विठ्ठलरावांनी हुक्का आणला, तो त्यानं तराजूत टाकला, सव्वा शेर भरला आणि परत त्यांच्या हातात दिला. एवढ्या मोठ्या माणसाला असं करायची हिंमत गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. विठ्ठलरावांनी आठ दिवस कुरकुर केली आणि शेवटी चिलमीवर आले.

जमिनीवर खडे मांडून तो आम्हाला वाट समजावून द्यायचा. मोठा खडा म्हणजे मुक्काम, बारीक खडा म्हणजे टेकायची जागा. सूर्य कासराभर वर यायच्या आत रोज निघायचं, डोक्यावर आला की थांबायचं, कलला की पुन्हा चालायचं. हे सगळं त्यानं पुडीच्या कागदावर मोडीत लिहून काढलं. रोज पहाटे पाठीवर ओझं घेऊन आम्हाला टेकडीपर्यंत चालायला लावायचा. विठ्ठलराव दोनदा आले, मग त्यांना सर्दी झाली.

सगळं जुळलं, पण पाणी जुळेना. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला होता आणि माथ्यावरचे ओढे पौषातच आटले होते. इतर लोक चामड्याची मशक नेतात, पण गुंडप्पाला लिंगपूजेला चामड्यातलं पाणी चालत नव्हतं आणि प्यायलाही नाही. भोपळ्याच्या तुंब्यात पाणी मावून किती मावणार? जाताना पहिल्या रात्री आणि येताना चौथ्या रात्री, एकाच जागी, पाणी हवं होतं. ते नसलं तर त्याचा सगळा बेत फुकट. तीन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

चौथ्या दिवशी चंद्रभागाबाई मीठ न्यायला आली. धनगराची बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, सुनेला घेऊन स्वतःच मेंढरं राखायची. मेंढरांना मीठ लागतं, म्हणून ती दर पंधरवड्याला डोंगराच्या पायथ्यावरून यायची. गुंडप्पानं तिला बसायला पोतं दिलं आणि विचारलं.

ती मिठाचे खडे बोटानं चाचपत राहिली.

“पाणी हाय,” ती म्हणाली. “खापरखोऱ्यात झिरा हाय. पर त्यो आमी कुनाला दावत न्हाई.”

“मावशी, दोनच रात्री. तुमची मेंढरं पाजायच्या आधी आमी हात लावनार न्हाई.”

“मेंढरं आत्ता खालीच हायत. उन्हाळ्यात वर नेते.” तिनं हातातला खडा खाली ठेवला. “सांगते, आप्पा. पर ज्यानं उघडला त्यानं झाकायचा. वर दगडाची फाडी हाय, येकट्याला उचलत न्हाई, दोघं लागत्यात. पाणी घेतलं की फाडी जाग्याला बसवायची, कडंनं वली माती लिंपायची आन वर बोरीच्या काट्या टाकायच्या. डुकरं लई हायत तिथं. येकदा डुक्कर लोळलं की झिऱ्याचं त्वांड बुजतंया. मग पाणी दुसरीकडंच वाट काढतंया, आन ती कुनाला घावत न्हाई. चार घरच्या मेंढरांचा उन्हाळा हाय त्यो.”

“झाकीन. शबूद दिला.”

“तुमी जानारं दोघं-तिघं. शबूद सगळ्यांचा पायजे.”

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “माझाबी.”

जाताना तिनं आपले तीन तुंबे आम्हाला वापरायला दिले. गुंडप्पानं कागदावर लिहिलं: खापरखोरं, झिरा, मुक्काम, माणशी एक तुंबा. फाडीचं त्यानं लिहिलं नाही. कागद माझ्यासमोर होता, मीही त्याला म्हणालो नाही. एवढं काय लिहायचं, ते लक्षात राहतंच, असं दोघांनाही वाटलं असणार.

माघ वद्य द्वादशीला आम्ही निघालो. महादेवीनं दारात उभं राहून आमच्या पिशव्या हातानं उचलून पाहिल्या आणि पहिल्यांदाच टोमणा दिला नाही. तो पहिला दिवस मला अजून पाठ आहे. गुंडप्पाचा एकेक खडा खरा निघाला. जिथं टेकायचं म्हटलं तिथं सावली होती, जिथं चढ म्हटला तिथं चढ होता. माथ्यावर वारा सुटला तेव्हा तो पाठीवरच्या ओझ्यासकट उभा राहिला आणि खाली गावाकडे बघत राहिला. दिवस कलता कलता आम्ही खापरखोऱ्यात उतरलो. काट्या बाजूला केल्या, मी आणि गुंडप्पानं फाडी सरकवली. खाली हातभर खळगा, त्यात इतकं नितळ पाणी की तळाची वाळू मोजावी. गुंडप्पानं आधी डोळ्याला लावलं आणि मग प्यायला.

आता सकाळ. ही सकाळ मी आयुष्यभर वेगवेगळ्या तऱ्हेनं आठवून पाहिली आहे. बरेच दिवस मी स्वतःला असं सांगत होतो की गुंडप्पाला वेळेची घाई होती आणि त्यानं फाडी तशीच सोडली. ते खोटं आहे.

झालं असं. त्याची पूजा लांबली. विठ्ठलरावांच्या पायाला फोड आले होते, ते बांधण्यात आणखी वेळ गेला. सूर्य कासराभर वर येऊन गेला होता. गुंडप्पानं तरीही पाठपिशवी उतरवून ठेवली, फाडीखाली हात घातला आणि मला म्हणाला, “अर्जुना, धर.”

माझी कंबर आदल्या दिवसाच्या चालीनं धरली होती. पिशवी मी पाठीवर चढवलेली होती, ती पुन्हा उतरवणं जिवावर आलं. मी म्हणालो, “परवा ह्याच वाटनं यायचंय की. तवा झाकू. काट्या टाक वरनं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं. त्याच्या बेतातली पहिली चूक त्या सूर्याबरोबर वर चढत होती आणि ती त्याला सोसवत नव्हती. त्यानं फाडीखालचा हात काढला. चार काट्या ओढून आम्ही खळग्यावर टाकल्या आणि चालू लागलो. मला बरं वाटलं, हेही सांगायला पाहिजे. कंबर वाचली म्हणून मला बरं वाटलं.

सौताड्याचं मी काही सांगत नाही. दरीत उतरलो, रामेश्वराला बेल वाहिला, कड्यावरून पडणारी पाण्याची बारीक धार पाहिली. त्या वेळी ते सगळं फार सुंदर वाटलं होतं. नंतर ते आठवायचा हक्क उरला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खापरखोऱ्यात आलो, तर काट्या लांब फेकलेल्या. खळग्याच्या जागी गुडघाभर चिखल, त्यावर डुकरांच्या खुरांचे ठसे आणि अंग घासल्याच्या खुणा. आमच्या तोंडचं पाणी पळालं. गुंडप्पा खाली बसला आणि दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. मीही बसलो. कोपरापर्यंत हात घातले, पाणी कुठूनच येईना. विठ्ठलराव म्हणाले, “आरं, तुंब्यात अर्धं अर्धं हाय, सकाळी खाली उतरू.” तहानेचं तेवढंच होतं, ती काही आम्हाला मारणार नव्हती.

पहाटे उजाडल्याबरोबर गुंडप्पा उठला. त्यानं फाडीखाली हात घातला. या वेळी मी आपणहून दुसरी बाजू धरली. विठ्ठलराव आपले फोड बांधत बसले होते, त्यांनी इकडे पाहिलं नाही. चिखलावर फाडी नीट बसवली, तुंब्यातलं उरलेलं पाणी ओतून माती भिजवली, कडेनं लिंपली, वर बोरीच्या काट्या रचल्या. पाणी होतं तेव्हा झाकलं नाही आणि चिखल झाला तेव्हा इतकं झाकलं की कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये. दोघांनाही माहीत होतं की आपण काय झाकतोय.

गावात आमचं कौतुक झालं. पाठपिशवीला हसणारे ती हातात घेऊन बघायला लागले. दिंद्रुडहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं तशी पिशवी शिवून मागितली. गुंडप्पा म्हणाला, गोणपाट संपलं.

आठ दिवसांनी चंद्रभागाबाई आली. गुंडप्पानं तुंबे तिच्यासमोर ठेवले. ती म्हणाली, “झाकला व्हता न्हवं?”

दुकानात त्या वेळी आणखी कुणी नव्हतं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

“झाकला, मावशी,” गुंडप्पा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “मीच धरला व्हता की दगड.”

“बरं,” ती म्हणाली.

गुंडप्पानं मीठ मोजलं. खाली मान घालून मोजलं. मोजून झाल्यावर त्यानं आणखी एक ओंजळ तिच्या फडक्यात टाकली.

“जादा झालं, आप्पा.”

“आसू द्या, मेंढरांला.”

तिनं ती ओंजळ बाजूला सारली आणि पदराच्या टोकात वेगळी बांधली. म्हातारी काटकसरी आहे, एवढंच मी तेव्हा समजलो.

त्यानंतर गुंडप्पानं कुठलाच बेत आखला नाही. लग्नाच्या पत्रावळी विचारायला लोक आले की म्हणायचा, आता डोकं चालत नाही, दुसऱ्याला विचारा. कचेरीतून एकदा निरोप आला, कुणा साहेबाला डोंगरात आठ दिवस फिरायचंय, वाट आखून दे. त्यानं गुडघ्याचं निमित्त सांगितलं. पाठपिशवीत महादेवी लसूण ठेवायला लागली. आणि दर वर्षी शिवरात झाली की तो एक दिवस कुदळ घेऊन डोंगरात जायचा. घरी सांगायचा, बेल आणायला जातो. बेल आणायला कुदळ कशाला, असं महादेवीनंही विचारलं नाही. झिऱ्याचं तोंड शोधत तो खणत बसायचा. चौथ्या वर्षी परतताना माझ्या दारात थांबून म्हणाला, “ओल लागली.” सहाव्या वर्षी म्हणाला, “करंगळीएवढं येतंय.” मी एकदाही त्याच्याबरोबर गेलो नाही. प्रत्येक वर्षी शेतात काही ना काही काम निघायचं.

आणि दर पंधरवड्याला ती बाई यायची, तो खाली बघून मीठ मोजायचा, वर एक ओंजळ टाकायचा, ती पदरात वेगळी बांधायची. नऊ वर्षं हे असंच चाललं. तिनं कधी काही विचारलं नाही. मी मनात म्हणायचो, तिला कळलेलं नाही. असं म्हटलं की झोप बरी लागायची.

दहाव्या वर्षी ती वारली. गुंडप्पा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मी बोलायला जातोय. तू ये, न्हाईतर नको येऊ.” मी गेलो.

पायथ्याशी तिचं घर, चार-पाच झोपड्यांतलं एक. तिची सून, अंजना, बाहेर आली. गुंडप्पानं बसायच्या आधीच सांगितलं. झिरा उघडा ठेवला, डुकरं लोळली, वरून चिखल झाकला, तुझ्या सासूला खोटं सांगितलं. एका दमात सांगितलं. मी शेजारी उभा होतो. “परवा झाकू” कोण म्हणालं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अंजना म्हणाली, “सासूबाईला ठावं व्हतं.”

गुंडप्पानं मान वर केली.

“तुमी परत आलात त्याच आठवड्यात फाडी उचलून बघितली आमी. आतमंदी डुकरांचं खूर, वरनं लिंपलेली माती. डुक्कर काय फाडी उचलून आत शिरतंया?”

“मग मला बोलल्या कावून न्हाईत?” गुंडप्पानं विचारलं.

“आमचा रिवाज हाय, आप्पा. ज्यानं पाणी दावलं, त्येची जिम्मेदारी. चार घरची बैठक बसली तवा सासूबाई हुभ्या ऱ्हायल्या आन म्हनल्या, म्याच झाकायचा इसरले. झिऱ्यावरची आमची पाळी गेली. तवापास्नं उन्हाळाभर तीन कोस खाली नदीवर मेंढरं न्यायची. पाणी परत आलं, ते बाकीच्यांनी पाजलं. आमाला न्हाई.”

गुंडप्पा खाली बसला. सहा वर्षं त्यानं ज्या पाण्यासाठी खणलं, ते तिच्या मेंढरांना प्यायला मिळालंच नव्हतं.

“तुमी खनताना बघितलं व्हतं तिनं,” अंजना म्हणाली. “म्या म्हनले, जाऊन बोला. तर म्हनली, न्हाई. दोघं हायत ते. कवातरी येक जन येईल.”

ती आत गेली आणि म्हणाली, आत या, मला एकटीला उचलत नाही. कोपऱ्यात चुलीपासून दूर एक मोठा रांजण होता. वरचं फडकं तिनं काढलं. आत मीठ होतं, ओल धरून दगडासारखं घट्ट झालेलं, गळ्यापर्यंत.

“तुमचं जादाचं,” ती म्हणाली. “यातला खडा कुनाला लावू दिला न्हाई. म्हनायची, खाल्लं तर त्येंला वाटंल फिटलं. आले तर परत द्या.”

ती एका बाजूला सरकली. आम्हाला नेण्यासाठी जागा करून देत होती, दुसरं काही नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला तिथून पळावंसं वाटत होतं. गुंडप्पा खाली वाकला आणि रांजणाच्या बुडाखाली हात घातला.

“अर्जुना,” तो म्हणाला, “धर.”

मी वाकायच्या आधी अंजनाकडे वळलो आणि तिला सांगितलं की त्या सकाळी यानं असंच म्हटलं होतं आणि मी धरलं नव्हतं. मग दुसरी बाजू धरली.